आधी परतीची गाडी बघा : जर्मनीत शिकताना मित्रांबरोबर शनिवार-रविवारची भटकंती

ऑक्टोबरमध्ये सेमिस्टर सुरू होतं, आनमेल्डुंग (पत्त्याची नोंदणी), बँक, विमा, खोली ही सगळी धावपळ कशीबशी संपते आणि मराठी पोरांच्या व्हॉट्सॅप ग्रुपवर प्रश्न येतो, "या वीकेंडला कुठे?" लगेच स्वित्झर्लंड, पॅरिस, ॲमस्टरडॅम अशी नावं पडायला लागतात. कुणीतरी रात्रीच्या बसचा स्क्रीनशॉट टाकतो. तिकीट 19 युरोचं असतं, पण परतीचं कुणी बघितलेलं नसतं.

हा लेख नुकत्याच आलेल्यांसाठी आहे. उदाहरणं सगळी जर्मनीची आहेत, कारण इथलं तिकीट, इथला रविवार आणि इथले कागद यांची तऱ्हाच वेगळी आहे. सहल आखायची ती रविवार संध्याकाळपासून उलटी. सोमवारी सकाळी आठला लॅब असेल तर रविवारी रात्री दहापर्यंत घरी यायला हवं. म्हणजे परतीची गाडी कोणती, ती चुकली तर पुढची कोणती, आणि म्हणून शनिवारी किती लांब जाता येईल, या क्रमाने विचार करा. प्रेक्षणीय स्थळांची यादी त्यानंतर.

कागद आधी

जर्मनीच्या आत फिरायचं असलं तरी पासपोर्ट किंवा रेसिडेन्स परमिटचं कार्ड सोबत ठेवा. डॉइचलांड तिकिटावर (देशभर चालणारं मासिक तिकीट, त्याबद्दल पुढे) फक्त नाव असतं, त्यामुळे टीसी फोटो असलेलं ओळखपत्र मागू शकतो. हॉटेलात किंवा हॉस्टेलात परदेशी पाहुण्यांना नोंदणीचा फॉर्म भरावा लागतो. जर्मन नागरिकांसाठी तो 2025 पासून बंद झाला, आपल्यासाठी नाही.

देशाबाहेर जाताना पासपोर्ट आणि परमिट दोन्ही मूळ स्वरूपात हवेत. फोनमधला फोटो चालत नाही. जर्मनीचा राष्ट्रीय व्हिसा किंवा परमिट असेल तर शेंगेनमधल्या (एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांच्या गटातल्या) बाकी देशांत 180 दिवसांत 90 दिवसांपर्यंत फिरायला वेगळा व्हिसा लागत नाही. स्वित्झर्लंड युरोपीय संघात नसलं तरी शेंगेनमध्ये आहे, तिथे जाता येतं. क्रोएशिया 2023 पासून आत आलं, रोमानिया आणि बल्गेरिया 2025 पासून पूर्णपणे. ब्रिटन आणि आयर्लंड बाहेर आहेत, त्यांचा व्हिसा वेगळा. लंडनला आत्या राहते म्हणून डिसेंबरची तिकिटं काढून ठेवणारे दर वर्षी कुणी ना कुणी असतातच.

"शेंगेनमध्ये सीमाच नाहीत" असं सीनियर सांगतील. 16 सप्टेंबर 2024 पासून जर्मनीने सगळ्या भू-सीमांवर तपासणी सुरू केली आणि पुढे तिची मुदत वाढवत नेली. साल्झबुर्गहून म्युनिकला येताना फ्राइलासिंगच्या आसपास पोलीस डब्यात चढतात, रात्रीच्या बसमध्ये तीन वाजता उठवून कागद मागतात. त्यामुळे बसने जाताना पासपोर्ट खालच्या डिकीतल्या बॅगेत ठेवू नका, अंगावरच्या पाउचमध्ये असू द्या.

सगळ्यांत जास्त गोंधळ उडतो तो व्हिसा संपून कार्ड यायच्या मधल्या काळात. आउसलेंडरबेहोर्डेची, म्हणजे परमिट देणाऱ्या परदेशी नागरिकांच्या ऑफिसची टर्मिन (भेटीची वेळ) मिळत नाही, म्हणून हातात फिक्त्सिओन्सबेशायनिगुंग नावाचा तात्पुरता कागद देतात. त्यावर निवास कायद्याच्या कलम 81 च्या कोणत्या परिच्छेदासमोर खूण आहे ते नीट वाचा. परिच्छेद 4 असेल, म्हणजे जुन्या व्हिसाची मुदत संपण्याआधी अर्ज करून तोच हक्क पुढे चालू राहिला असेल, तर देशाबाहेर जाऊन परत येता येतं. परिच्छेद 3 असेल तर जर्मनीतच फिरा. बाहेर पडलात तर परत येताना अडकाल, आणि त्या वेळी सोबतचे चौघे फलाटावर उभे राहून काहीही करू शकणार नाहीत. शंका असेल तर ऑफिसला ईमेल करून लेखी उत्तर घ्या आणि ते येईपर्यंत बव्हेरिया, सॅक्सनी, ऱ्हाइनचा काठ बघून घ्या. तेवढंच बघायला दोन सेमिस्टर पुरत नाहीत.

विम्याचंही एक सांगतो, जे सहसा कुणी सांगत नाही. सरकारी आरोग्य विम्याच्या कार्डामागे युरोपीय कार्ड छापलेलं असतं, त्यामुळे फ्रान्स किंवा इटलीत अचानक दवाखान्यात जावं लागलं तर ते चालतं. भारतीय पासपोर्टवाल्यांना मात्र ते स्वित्झर्लंड, डेन्मार्क, नॉर्वे, आइसलँड आणि लिख्टेनश्टाइन इथे लागू होत नाही. तिथे जायचं तर प्रवासी विमा काढा. काही युरोंत मिळतो आणि स्विस दवाखान्याचं बिल काही युरोंत मिळत नाही.

मंडळी किती आणि कोणती

चार किंवा पाच. जर्मन रेल्वेची राज्यवार एका दिवसाची ग्रुप तिकिटं पाच जणांपर्यंत असतात, हॉस्टेलची साधी खोली चार किंवा सहा खाटांची असते, आणि छोट्या गावातल्या उपाहारगृहात पाच जणांना आरक्षणाशिवाय टेबल मिळतं. आठ जण झाले की निम्मा वेळ "थांब, तो अजून आत आहे" यात जातो. आठ जमलेच तर सरळ दोन गट करा आणि संध्याकाळी भेटा.

जाण्याआधी तीन गोष्टी उघड बोलून घ्या, मग कितीही जवळची मैत्री असो. पैसे किती, पहाटे किती वाजता उठायची तयारी आणि चालायची तयारी. ब्लॉक्ड अकाउंटमधून (व्हिसासाठी आधीच भरून ठेवलेल्या पैशांतून) महिन्याला 992 युरो हातात येतात. त्यातून खोलीचं भाडं, विमा आणि सेमिस्टरची फी गेली की काहींच्या हातात बरंच उरतं, काहींच्या जवळजवळ काही नाही. ज्याचं घर कर्ज काढून शिकवतंय तो ग्रुपमध्ये तसं लिहीत नाही, नुसतं "मला जमणार नाही रे" म्हणतो. म्हणून पहिल्या सहलीचं बजेट सगळ्यांत कमी खर्च करू शकणाऱ्याच्या हिशोबाने ठरवा. वर्कश्टुडंटची, म्हणजे शिकता शिकता करायची नोकरी लागलेल्याने चांगलं हॉटेल सुचवून बाकीच्यांना पेचात टाकू नये.

खर्च स्प्लिटवाइजवर (वाटणीचा हिशोब ठेवणारं ॲप) त्याच दिवशी टाका. तिकीट एकाने, राहायचं दुसऱ्याने, किराणा तिसऱ्याने अशी वाटणी केली तर शेवटी देणं-घेणं फार उरत नाही. दोन युरोच्या कॉफीचा हिशोब ठेवणारा आणि अजिबातच न ठेवणारा, दोघेही तितकेच त्रासदायक.

तिकीट

डॉइचलांड तिकीट मे 2023 मध्ये महिन्याला 49 युरोला सुरू झालं, जानेवारी 2025 पासून 58 आणि जानेवारी 2026 पासून 63 युरो झालं. पुष्कळ विद्यापीठांत त्याची विद्यार्थी आवृत्ती सेमिस्टरच्या फीतच येते आणि ती मूळ किमतीच्या 60 टक्क्यांना पडते. तुमच्या विद्यापीठात ती आहे का, हे आधी बघा. नसेल आणि तुम्ही स्वतः मासिक तिकीट घेतलं असेल, तर ते दर महिन्याला आपोआप पुढे चालू राहतं. बंद करायचं तर त्या महिन्याच्या 10 तारखेच्या आत कळवावं लागतं. परीक्षेच्या फेब्रुवारीत कुठेच जायचं नसेल तर जानेवारीच्या सुरुवातीलाच रद्द करून टाका.

या तिकिटावर देशभरातल्या रीजनल (जवळच्या पल्ल्याच्या) गाड्या, एस-बान (उपनगरी गाड्या), मेट्रो, ट्रॅम आणि शहर बस चालतात. आयसीई, आयसी, ईसी या लांब पल्ल्याच्या गाड्या आणि फ्लिक्स या खासगी कंपनीच्या गाड्या चालत नाहीत. रेल्वेच्या ॲपमध्ये फक्त स्थानिक गाड्या दाखवण्याचा पर्याय आहे, तो लावूनच शोधा. नाहीतर ॲप मध्येच एखादी आयसीई घुसवतं आणि ते चढल्यावर लक्षात येतं. विनातिकीट दंड 60 युरो.

हे तिकीट थोडंसं सीमेपलीकडेही जातं. म्युनिकहून साल्झबुर्गच्या मुख्य स्टेशनपर्यंत रीजनल गाडीने ते चालतं, प्रवास साधारण पावणेदोन ते दोन तासांचा. श्ट्रासबुर्गला जायचं तर केलपर्यंत या तिकिटावर या, पुढे ऱ्हाइनवरच्या पादचारी पुलावरून चालत फ्रान्समध्ये शिरा किंवा ट्रॅमचं साधं तिकीट काढा. लक्झेंबुर्गमध्ये तर 2020 पासून सगळी सार्वजनिक वाहतूकच फुकट आहे, त्यामुळे ट्रिअरला राहणाऱ्यांची चैन आहे.

ज्यांच्याकडे डॉइचलांड तिकीट नाही त्यांच्यासाठी लेंडर-तिकीट, म्हणजे वर सांगितलेली राज्यवार एका दिवसाची तिकिटं : बायर्न-तिकीट, सॅक्सन-तिकीट वगैरे. पाच जणांत वाटलं की माणशी फार थोडं पडतं. सोमवार ते शुक्रवार ते सकाळी 9 पासून चालू होतं, शनिवार-रविवारी मध्यरात्रीपासून, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे 3 पर्यंत चालतं. म्हणजे शुक्रवारी सकाळी सातला निघायचा बेत या तिकिटावर बसत नाही. प्रवाशांची नावं तिकिटावर लिहावी लागतात, ती गाडीत चढण्याआधीच लिहा. पाचांतल्या तिघांकडे डॉइचलांड तिकीट असेल तर फक्त उरलेल्या दोघांचंच काढा. हे सांगायची गरज नाही असं वाटतं, पण लोक पाचांचं काढतात.

लांब जायचं असेल तर आयसीईचं झ्युपर श्पारप्राइस हे सवलतीचं तिकीट. जितकं लवकर काढाल तितकं स्वस्त, पण ते त्याच गाडीला बांधलेलं असतं. गाडी पोचायला 20 मिनिटांहून जास्त उशीर होणार असेल तर हे बंधन सुटतं आणि दुसरी गाडी पकडता येते. एका तासाहून जास्त उशिराने पोचलात तर भाड्याचे 25 टक्के, दोन तासांहून जास्त झाला तर 50 टक्के परत मिळतात. अर्ज ॲपमधूनच होतो, आळस करू नका.

लेंडर-तिकीट आणि डॉइचलांड तिकीट ही मोठ्या सवलतीची तिकिटं असल्याने रीजनल गाडी रद्द झाली तरी त्यांच्यावर आयसीईत चढता येत नाही. म्हणून परतीला शेवटची गाडी कधीच धरू नका. शेवटून दुसरी किंवा तिसरी धरा. जर्मन रेल्वे वेळेवर असते ही समजूत पुण्यात मॅक्सम्युलर भवनात जर्मन शिकताना झालेली असते, इथे पहिल्या महिन्यात जाते. दोन गाड्यांमध्ये बदलायला ॲप सहा मिनिटं दाखवत असेल तर ती जोडणी नाहीच असं समजा. पंधरा मिनिटं ठीक, शेवटच्या टप्प्यावर अर्धा तास.

फलाटावर उभं राहताना अजून एक गोष्ट बघा : गाडी वाटेत तुटते का? म्युनिकहून दक्षिणेला तेगर्नझेच्या बाजूला जाणारी गाडी होल्त्सकिर्खेन आणि शाफ्टलाख इथे सुटी होते, एक भाग बायरिशत्सेलला, एक तेगर्नझेला, एक लेंगग्रीसला. डबा चुकला तर तळ्याऐवजी भलत्याच डोंगरात पोचाल. दारावरच्या आणि आतल्या पाटीवर त्या डब्याचं शेवटचं स्टेशन लिहिलेलं असतं. दोघे एका डब्यात आणि तिघे दुसऱ्यात असे तर बसूच नका.

पहिली सहल एका दिवसाची

मुक्काम नको. सकाळी जाऊन रात्री परत. कोण दमतं, कोण भूक लागली की चिडतं, कोण दर दहा पावलांवर फोटो काढतं, हे सगळं एका दिवसात कळतं, आणि ते कळल्यावरच पुढच्या मोठ्या सहलीचं ठरवावं.

ड्रेस्डेन किंवा केमनित्सला असाल तर बास्टाय. ड्रेस्डेनहून एस1 गाडी एल्बेच्या काठाने कुर्ओर्ट राथेनला जाते. तिथे उतरून नदी ओलांडायला होडी आहे. ही होडी दोराला बांधलेली आहे आणि नदीच्या प्रवाहाच्या जोरावर या काठावरून त्या काठाला जाते, इंजिन नाही. मेकॅनिकलवाल्यांनी दोनदा बसावं. पलीकडून पायऱ्या चढत वर गेलं की वालुकाश्माचे सुळके आणि 1851 मध्ये बांधलेला दगडी पूल. सह्याद्री तुडवलेल्यांना चढण काहीच वाटणार नाही, पण गर्दी वाटेल, म्हणून सकाळी नऊच्या आत वर पोचा. दुपारी पर्यटकांच्या बस आल्या की पुलावर मुंगीलाही जागा उरत नाही.

माग्देबुर्गवाल्यांना हार्त्स डोंगर आहेत. वेर्निगेरोडंपर्यंत रीजनल गाडी, पुढे ब्रोकनला (1,141 मीटर) जाणारी वाफेची गाडी. तिचं तिकीट वेगळं आणि विद्यार्थ्याच्या खिशाला महाग. माझं मत, गाडीने एकदाच कधीतरी जा, एरवी चालत जा. आखेनहून मोनशाउ किंवा कोलोन. कोलोनच्या कॅथेड्रलच्या मनोऱ्याला 533 पायऱ्या आहेत आणि लिफ्ट नाही, पोटभर जेवून चढू नका. श्टुटगार्टहून ट्युबिंगेन. श्टुटगार्ट हे 1968 पासून मुंबईचं भगिनी-शहर आहे हे आईला फोनवर सांगायला बरं, उपयोग काही नाही. हॅम्बुर्गहून ल्युबेक. कोन्स्टान्झला गेलात तर चालत चालत स्वित्झर्लंडच्या क्रॉइत्सलिंगेनमध्ये पोचता येतं, पण मोबाइलचं रोमिंग बंद करून. युरोपीय संघातलं फुकट रोमिंग स्वित्झर्लंडला लागू नाही आणि सीमेजवळ फोन आपोआप स्विस टॉवर पकडतो.

नॉयश्वानश्टाइनचा किल्ला सगळ्यांना बघायचा असतो. म्युनिकहून फ्युसेनला दोन तास, पुढे बस, मग चढ. आतल्या दर्शनाची तिकिटं ठरलेल्या वेळेची असतात आणि शनिवार-रविवारची आधीच संपतात. ऑनलाइन मिळालं तर आत जा, नाहीतर बाहेरून मारीएनपुलावरून बघा. खरं सांगायचं तर बाहेरूनच जास्त छान दिसतो. आतली फेरी अर्ध्या तासात उरकतात आणि फोटो काढू देत नाहीत.

रविवार म्हणजे बंद

घरून निघताना जे हवं ते शनिवारीच घ्या. रविवारी सुपरमार्केट बंद, सणाच्या सुट्टीलाही बंद. मोठ्या स्टेशनातली दुकानं उघडी असतात पण महाग. बव्हेरियात शनिवारीही रात्री 8 ला दुकानं बंद होतात, त्यामुळे दिवसभर भटकून आल्यावर "रात्री काहीतरी घेऊ" हा बेत तिथे फसतो. सणाच्या सुट्ट्या राज्याराज्यांत वेगळ्या. मे-जूनमधली फ्रोनलाइख्नामची सुट्टी बव्हेरियात, नॉर्थ ऱ्हाइन-वेस्टफालियात असते, बर्लिनमध्ये नसते. ती गुरुवारी येते, त्यामुळे सगळे जर्मन शुक्रवारची रजा टाकून चार दिवस बाहेर पडतात. त्या आठवड्यात खाट मिळणं कठीण आणि गाडीत उभं राहावं लागणार हे धरूनच चला. सप्टेंबरच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या सुरुवातीपर्यंत म्युनिकमध्ये ऑक्टोबरफेस्ट, तेव्हा हॉस्टेलचे भाव बघून डोळे फिरतात. मित्राच्या खोलीत जमिनीवर झोपायची सोय असेल तरच जा.

खाण्याचं म्हणाल तर डबा न्या. तिखटमिठाच्या पुऱ्या आणि दशम्या दोन दिवस सहज टिकतात. पीठ मळायचा कंटाळा असेल तर लिडलमधले टॉर्टिया, त्यात बटाट्याची सुकी भाजी आणि घरून आलेली लसणाची चटणी. शाकाहारी मंडळींनी छोट्या गावात भरवसा ठेवायचा तो तुर्की दुकानातल्या फलाफलवर आणि बेकरीतल्या ब्रेत्सेलवर. उपाहारगृहात पाणी विकत असतं, आणि साधं पाणी सांगितलं नाहीत तर बुडबुड्यांचं येतं. नळाचं पाणी पिण्याजोगं असतं, बाटली भरून घ्या. प्लास्टिकच्या बाटलीवर 25 सेंट प्फांड, म्हणजे अनामत असते, रिकामी बाटली टाकू नका, परत आल्यावर सुपरमार्केटातल्या मशीनमध्ये घाला, पैसे परत मिळतात. पाच जणांच्या दोन दिवसांच्या बाटल्यांत एकाचं दुपारचं जेवण निघतं.

खिशात थोडी रोकड ठेवा. डोंगरवाटांवरच्या खाण्याच्या झोपड्यांत, ख्रिसमसच्या बाजारात आणि स्टेशनच्या स्वच्छतागृहात कार्ड चालेलच असं नाही. स्टेशनातल्या स्वच्छतागृहाला साधारण एक युरो पडतो, गाडीतलं फुकट. उतरण्याआधी उरकून घ्या, यात लाजण्यासारखं काही नाही. चेकियात किंवा पोलंडमध्ये कार्डाने पैसे देताना मशीन विचारतं, युरोत द्यायचे की तिथल्या चलनात. तिथलं चलन निवडा, युरो निवडलात तर मशीनवाला आपल्या दराने कापतो.

मुक्काम करायचा झाला तर

हॉस्टेल स्टेशनपासून चालत जाता येईल असं बघा. पाच युरो वाचवायला शहराबाहेरचं घेतलं की रात्री बसची वाट बघण्यात ते वसूल होतात. युगेंडहेअरबेर्गं, म्हणजे युवा वसतिगृहं, स्वच्छ असतात आणि नाश्ता भरपूर असतो, पण त्यांचं सदस्यत्व घ्यावं लागतं. वर्षात दोन-तीनदा जाणार असाल तर परवडतं. छोट्या गावातल्या पेन्सिओनचं, म्हणजे घरगुती लॉजचं, स्वागतकक्ष संध्याकाळीच बंद होतं. उशीर होणार असेल तर फोन करून किल्ली कुठे ठेवणार ते विचारा, तुटक्या जर्मनमध्ये विचारलंत तरी मालकीणबाई समजून घेतात. रात्री 10 नंतर शांतता पाळायची असते. पत्त्यांचा डाव चालेल, आरडाओरडा नाही. तेच आयसीईच्या रूहंबेराइख, म्हणजे शांतता पाळायच्या डब्यात. तिथे अंताक्षरी सुरू केलीत तर कुणीतरी आजोबा उठून येतील आणि अगदी शांत आवाजात पाणउतारा करून जातील.

डोंगर आणि हिवाळा

बव्हेरियन आल्प्समध्ये वाटांवर पिवळ्या पाट्या असतात. त्यांवर निळा ठिपका म्हणजे सोपी वाट, लाल मध्यम, काळा अवघड. पाटीवर अंतराऐवजी वेळ लिहिलेली असते आणि ती थांबे न धरता. फोटो, डबा आणि गप्पा धरून दीडपट करा. काळ्या वाटेवर राजगडच्या अनुभवाच्या भरवशावर जाऊ नका, तिथे जूनमध्येही सावलीच्या बाजूला बर्फ असतो आणि स्पोर्ट शूज घसरतात. पायथ्याच्या गावातून स्टेशनकडे जाणारी शेवटची बस कित्येकदा संध्याकाळी लवकर सुटते. चढायला लागण्याआधी थांब्यावरच्या वेळापत्रकाचा फोटो काढा आणि रविवारची ओळ वाचा, शनिवारची नव्हे.

डिसेंबरमध्ये दुपारी चारच्या सुमाराला अंधार पडायला लागतो. तेव्हा डोंगर सोडा, गावं आणि ख्रिसमसचे बाजार करा. गरम पेय ज्या मगात देतात त्याची अनामत घेतात. तो मग आवडला तर ठेवा, नाहीतर परत देऊन पैसे घ्या. थंडीत फोनची बॅटरी पटकन उतरते आणि तिकीट, नकाशा, हॉस्टेलचा कोड सगळं फोनमध्ये असतं. ग्रुपमध्ये निदान दोन पॉवरबँक हव्यात.

स्वस्त विमानाचं गणित

दूरच्या शहरांसाठी कधीकधी पंचवीस युरोचं विमान दिसतं. त्याआधी विमानतळ नकाशावर शोधा. फ्रांकफुर्ट-हान हे फ्रांकफुर्टपासून सुमारे 120 किलोमीटर आहे, मेमिंगेन म्युनिकपासून शंभराहून जास्त, पॅरिसचं म्हणून विकलं जाणारं बोव्हे पॅरिसपासून सुमारे 85. दोन्ही बाजूंचं बसभाडं आणि बॅगेचे पैसे मिळवले की पंचवीसचे नव्वद होतात आणि पहाटे तीनला उठावं लागतं ते वेगळंच. काही कंपन्या युरोपबाहेरच्या पासपोर्टवाल्यांचे कागद काउंटरवर तपासून घ्यायला सांगतात. रांग तिथेही असते, म्हणून दोन तास आधी पोचा. तीन दिवसांची सुट्टी असेल तरच विमान, दोन दिवसांसाठी गाडी किंवा बस.

भाड्याच्या मोटारीचा मोह पाच जणांत हमखास होतो. भारतीय लायसन्स जर्मनीत राहायला आल्यापासून 6 महिनेच चालतं, 25 वर्षांखालच्या चालकाला बहुतेक कंपन्या जास्त पैसे लावतात, ऑस्ट्रियात हायवेसाठी विन्येट (आधी काढायचा टोलचा पास) लागतं. बर्फाळ रस्त्यावर उजव्या बाजूने चालवायचा पहिला प्रयोग चार मित्रांना बसवून करू नये. दुसऱ्या वर्षी बघा.

निघायच्या आदल्या रात्री

ॲपमध्ये गाडी पुन्हा बघा. शनिवार-रविवारी रुळांची कामं काढतात आणि गाडीऐवजी बस लावतात. एर्झात्स म्हणतात तिला, ती स्टेशनच्या बाहेर कुठल्यातरी वेगळ्याच थांब्यावर येते, पाट्यांवरचे बाण बघत जा. मार्च आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी घड्याळं बदलतात. मार्चमध्ये एक तास कमी होतो, सकाळची गाडी पकडायची असेल तर फोनवरचीच वेळ धरा, हॉस्टेलच्या भिंतीवरची नको. नकाशा ऑफलाइन उतरवून ठेवा. 112 रुग्णवाहिका आणि अग्निशमन, 110 पोलीस, आणि रात्री-अपरात्री डॉक्टर हवा पण जीवावरचं नसेल तर 116117.

घरी कळवा. कुठे जातोय, कुणाबरोबर, रात्री कुठे मुक्काम. भारतात साडेतीन-साडेचार तास पुढे असतात, तुम्ही संध्याकाळी आठला हॉस्टेलात पोचता तेव्हा आई झोपायच्या बेतात असते. दुपारच्या जेवणाच्या वेळीच एक फोटो टाका, म्हणजे रात्री बाराला "पोचलास का?" असा फोन येणार नाही.

शनिवारी शिफ्ट असेल तर ती आठवडाभर आधी बदलून घ्या, आजारी पडल्याचं सांगून बास्टायचे फोटो स्टेटसला टाकणाऱ्यांना मॅनेजर ओळखून असतात. आणि शनिवारी सकाळी स्टेशनावर भेटायची वेळ गाडीच्या वीस मिनिटं आधीची ठरवा. फलाट क्रमांक ग्रुपमध्ये लिहा. जो उशिरा येईल त्याच्यासाठी पुढची गाडी कोणती हेही त्यातच लिहा, म्हणजे कुणाला थांबावं लागणार नाही आणि कुणाला रुसावंही लागणार नाही.